पडणारा स्विच

९ जानेवारी, शुक्रवार

आधी स्विच पडला, मग मी.

तो कामावरून आला तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीतला दिवा बंद, पंप बंद, पाणी गढूळ. पैलवान वर येऊन तोंडाची उघडझाप करत होता. पैलवान म्हणजे त्याचा मासा. ताटाएवढा, कपाळावर टेंगूळ. एकटाच राहतो, कारण सोबत सोडलेला प्रत्येक मासा त्याने फाडला आहे.

"स्विच कोणी पाडला?"

कोणीच नाही! तो आपला आपण पडतो. हे सांगेपर्यंत माझं डोकं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आपटलं होतं. दाराची बिजागरी निखळली. ती पण मीच बसवायची.

चिमी टेबलाखाली जाऊन बसली. पोरगी अजून दुसरीत आहे, पण टेबलाखाली कधी जायचं ते तिला बरोबर कळतं.

नवऱ्याला तोंडावर मी 'अहो' म्हणते. इथे 'तो'. एवढी एक जागा माझी.

१० जानेवारी, शनिवार

दुकानात मालकीणबाईंनी भुवईवरची गाठ पाहिली. "काय गं?" — "पडले." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून सुटले.

गिऱ्हाईक तणतणत आलं होतं. "तुमचा स्विच सारखा पडतो, बदलून द्या!" आमचं विजेच्या सामानाचं दुकान. या स्विचला आम्ही गळतीचा स्विच म्हणतो. वीज वायर सोडून भलतीकडे झिरपायला लागली — ओल्या भिंतीत, पाण्यात, माणसाच्या अंगात — की तो पटकन पडतो आणि घराची वीज तोडतो. मालकीणबाईंचं उत्तर ठरलेलं. "तो पडतोय म्हणून तर तुम्ही धडधाकट चालत आलात भांडायला! घरी जा, कशामुळे पडतो ते शोधा. पडणाऱ्याला कशाला दोष देता?"

गिऱ्हाईक गेलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "स्विच पडला तर आपण कशामुळे ते विचारतो. तुला विचारू का?"

मी वायरीचं भेंडोळं सोडवत बसले. ते गुंतलेलंच नव्हतं.

१३ जानेवारी, मंगळवार

टाकीमागे वाकून पाहिलं. कशामुळे पडणार नाही? एक्स्टेन्शन बोर्ड सरळ फरशीवर, टाकीच्या बरोबर खाली. पंप, दिवा, हीटर — सगळ्यांच्या वायरी काठावरून सरळ खाली त्याच्यात. टाकीतलं पाणी वायरीवरून ओघळतं आणि थेंब थेंब बोर्डात जातं. बोर्डाभोवती फरशी ओलीच होती. शिवाय प्लगची अर्थिंगची पिन त्याने पकडीने मोडून टाकलेली, का तर भिंतीतल्या भोकात बसत नव्हती!

रात्री जेवताना धीर करून सांगितलं. बोर्ड भिंतीवर उंच लावू. प्रत्येक वायर आधी बोर्डाच्याही खाली झुलू द्यायची आणि मग वर न्यायची, म्हणजे पाणी त्या झोक्याच्या तळाशी गळून जातं, बोर्डापर्यंत चढत नाही. पिन नवी बसवू. पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढू. एवढंच तर आहे!

"दुकानात खोकी उचलतेस तू. मला वीज शिकवणार?" आमटीची वाटी माझ्या कानाजवळून गेली आणि भिंतीवर फुटली. डाग अजून आहे. पुसून जात नाही.

१६ जानेवारी

आज त्याने कौतुकाने दोन नवे मासे आणले. चांदीसारखे, लहान. चिमीने लगेच नावं ठेवली, टिकली आणि बटण.

पैलवानाने टिकलीला पहिल्या झडपेतच अर्धी केली. बटण हीटरच्या मागे लपला. त्याला तिथून ओढून काढला, शेपूट आधी, मग डोळा, मग बाकीचा. पाण्यात खवले तरंगत होते. चिमी रडत होती आणि तो खुर्ची ओढून समोर बसला होता. हसत होता.

"बघ. घर कोणाचं, ते कळलं पाहिजे."

बघितलं. कळलं.

१८ जानेवारी, रविवार

स्विच आज परत पडला. यावेळी त्याने मला हात लावला नाही. पकड घेतली, स्टुलावर चढला, स्विचची डबी उघडली आणि आतल्या वायरी गळतीचा स्विच टाळून थेट जोडून टाकल्या. डबी ठोकून बंद केली. "आता पड म्हणावं!"

स्विच वरच आहे. रुबाबात उभा आहे आणि आतून मेलेला आहे. वायर तापेल तेव्हा शेजारचा साधा स्विच धावेल, पण पाण्यात वीज उतरली तर या घरात आता कोणी पडणार नाही. म्हणजे स्विच पडणार नाही. माणसंच पडतील.

२० जानेवारी

काहीच झालं नाही. घर शांत. मला ही शांतता सोसत नाही.

२५ जानेवारी, रविवार

त्याने टाकी धुतली. हीटर चालूच ठेवून पाणी उपसलं. सांगायला तोंड उघडलं होतं मी! उघड्यावर पडलेला हीटर तापून लाल, आणि त्यावर याने बादलीभर गार पाणी ओतलं. 'टिक्' असा आवाज आला. हीटरच्या काचेला केसाएवढी चीर असणार. त्याने ऐकलं नाही. पैलवानाशी लाडे लाडे बोलत होता. माझ्याशी या आवाजात तो कधी बोलला असेल तर मला आठवत नाही.

२७ जानेवारी, मंगळवार



चिमी प्लास्टिकच्या स्टुलावर उभी राहून माशाला खाणं घालत होती. बोटं पाण्यात. मला म्हणाली, "आई, पाण्यात मुंग्या आहेत."

मी तिला खाली खेचली आणि मारलं. थोबाडीत. माझ्या पोरीला! इतक्या जोरात की तिचा क्लिप उडून कोपऱ्यात गेला. का मारलं? भीतीने. तिला ते काय माहीत? तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर ती आजवर त्याच्यासाठी ठेवत होती. मग ती टेबलाखाली गेली. माझ्यापासून लपायला.

खूप वेळ खाली वाकून तिची समजूत काढली. आली नाही. प्लास्टिकचं स्टूल नसतं आणि अनवाणी ओल्या फरशीवर असती तर! अर्थिंग तोडलेलं. त्या पाण्यातल्या विजेला जायला वाटच नाही. ती वाट बघत बसली आहे, कोणी हात घालतंय का.

२८ जानेवारी

हीटरचा प्लग काढून ठेवला होता. त्याला सांगितलं, पाण्यात वीज उतरली आहे. पोरीला झटका बसला. पोरीला!

"झटका?" म्हणाला. "चल, बघू."

माझं मनगट धरलं. प्लग परत लावला. पायात त्याच्या रबरी चपला, मी अनवाणी. चिमी बघत होती. त्याने माझा हात कोपरापर्यंत टाकीत दाबला आणि धरून ठेवला. खांद्यापर्यंत दात लागल्यासारखं झालं. दंड आपोआप आखडला. जबडा मिटला, ओरडताही येईना. पैलवान कोपऱ्यात थिजून उभा.

"मेलीस का? नाही ना? मग गप."

सोडल्यावर मी खाली बसले. हात माझा नव्हताच. अजून दोन बोटं बधिर आहेत, अक्षर बघ कसं आलंय.

आज पहिल्यांदा मनात आलं — पुढच्या रविवारी टाकी धुताना तो चपला काढेल. मी फक्त काही बोलायचं नाही. बस, एवढंच. काही करायचंच नाही.

हे लिहिलं आणि खोडलं नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

मालकीणबाईंनी आज विचारलंच. "कशामुळे?"

सगळं सांगितलं. टाकी, डबी, चीर, हात. रविवारी काय व्हावंसं वाटतं, ते पण. त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. रागावतील वाटलं. म्हणाल्या, "तो मरायच्या आधी तुझी पोर स्टुलावरून उतरून पाण्यात हात घालणार नाही, हे तुला कोणी लिहून दिलंय?"

मी त्याचाच विचार करत बसले होते. मरतानासुद्धा मधे तोच!

"आणि दुकानाच्या माडीवर खोली आहे. रिकामी खोकी हलवली की दोन माणसं मावतात." एवढं बोलून शटर वर केलं.

३० जानेवारी

तो कामावर गेल्यावर मालकीणबाई आल्या. त्यांचा नवरा वारल्यावर त्यांनी दुकान हातात घेतलं आणि वायरमनचं लायसनही स्वतः काढलं, ते उगाच नाही. अंगठ्या काढून पर्समध्ये टाकल्या, मेन बंद केला, डबी उघडली. आतलं बघून अशी शिवी हासडली की चिमीसुद्धा हसली. दोन दिवसांनी हसली पोरगी.

स्विच परत जागेवर जोडला. वरचं टेस्टचं बटण दाबलं. ठक्! पडला. इतका सुंदर आवाज! मी त्यांना पुन्हा दाबायला लावलं.

बोर्ड उचलायचा, वायरी नीट करायच्या, तर त्याला लगेच दिसेल. ते राहिलं. पण हीटर मी काढलाच. चीर बोटाला लागत होती. फडक्यात गुंडाळून चादरींच्या कपाटात ठेवला. मासा गारठला तर गारठू दे मेला.

जाताना त्यांनी निखळलेली बिजागरी बघितली. हात फिरवला तिच्यावरून.

१ फेब्रुवारी, रविवार

डाव्या हाताने लिहितेय. क्रमाने लिहिते, नाहीतर सुटेल.

दुपारी त्याला हीटर सापडला. "मारायचंय तुला त्याला!" त्याला म्हणजे पैलवानाला. चपला काढलेल्या, फरशीवर धुण्याचं पाणी. हीटर टाकीत सोडला, प्लग लावला आणि बसवायला हात आत घातला. मी "अहो, नको!" म्हणाले. म्हणाले मी. तोंडातून आपोआप निघालं.

ठक्.

हात झटक्यासरशी बाहेर आला. तो मागे भिंतीवर आदळला. पंखा थांबत गेला. जिवंत! पांढराफटक, पण जिवंत. स्विच पडला म्हणून.

आधी हाताकडे बघितलं, मग डबीकडे. कळायला त्याला वेळ लागला नाही.

"कोणी जोडला?"

केस धरले. माझं तोंड काचेवर आपटलं, एकदा, परत. दुसऱ्यांदा काच गेली. सगळी टाकी माझ्या अंगावरून खोलीभर पसरली. दगड, काचा, पाणी, आणि मध्ये पैलवान फडफडत. उजव्या तळव्यात काच शिरली. बोर्ड पाण्यात बुडालेला, प्लग अजून भिंतीतच.

आणि चिमी टेबलाखालून निघून माझ्याकडे धावली. अनवाणी. त्या पाण्यातून.

तो डबीकडे निघाला होता. "वीज नसेल तर पैलवान मरेल! पंप लागला पाहिजे!" आणि त्याने स्विच उचलायला हात वर केला.

"अरे थांब! पोरगी पाण्यात आहे!"

अरे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

त्याने मागे वळून बघितलं. चिमीला बघितलं. आणि स्विच उचलला.

ठक्. पडला.

परत उचलला. परत पडला. मग अंगठ्याने दाबूनच धरला — धर लेका! तो स्विच वरून दाबला तरी आतून पडतो, तसाच बनवलेला असतो. वर धरूनही घरात वीज आली नाही. तो घामाघूम होऊन शिव्या देत होता आणि चिमी माझ्या मांडीत शिरून बसली होती. आम्ही दोघी पाण्यात. मी तिचं डोकं धरून त्या स्विचकडे बघत होते. बाबा रे, पड. पडत राहा.

शेवटी त्याने नाद सोडला. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी पैलवानाला गोळा करू लागला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. माझ्याकडे न बघता ओरडला, "बादली आण!"

मी उठले.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मालकीणबाई माडीवर चहा घेऊन आल्या. खोक्यांच्या मधे चिमी अजून झोपलेली. त्यांनी माझा सुजलेला चेहरा बघितला, हाताची पट्टी बघितली.

"पडलीस?"

"हो," म्हटलं. "बाहेर."