कान कसा निवडावा

प्रिय धाकटे,

सकाळी शाळेत शिकवायला जाता जाता सायकल दुकानाच्या दाराला टेकवलीस आणि कोणता हँगर घ्यायचा तेवढं लिहून ठेव, बाकी मी बघते, म्हणून पळालीस. आता नीट वाच, आणि मध्येच ‘माहितेय गं ताई’ करू नकोस. गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्या बोटभर पट्टीवर लटकतो, तिला बाबा कधी हँगर म्हणाले नाहीत. कान म्हणायचे. सायकल आडवी झाली की आधी कान पिळला जातो, म्हणून. ती पट्टी मुद्दामच मऊ धातूची करतात. मार तिने खायचा, वाकायचं, मोडायचं आणि फ्रेम वाचवायची.

कान निवडताना सायकलवरचं नाव बघू नकोस. एकाच कंपनीच्या दोन सायकलींचे कान सख्खे असतीलच असं नाही. जुना काढ, पूस, कागदावर ठेवून पेन्सिलीने कड ओढ. मोडला असेल तर तुकडे जुळवून ठेव. मग बघ भोकं कुठे आहेत, स्क्रू आतून येतो की बाहेरून, फ्रेमच्या खाचेत बसणारा ओठ कुठल्या बाजूला आहे, जाडी केवढी आहे. नवा त्यावर ठेवून केसाइतका फरक दिसला तरी परत कर. दुकानदार म्हणेल, ताई, जवळपास तोच आहे. जवळपास तोच म्हणजे तो नव्हे, हे तुला मी सांगायला नको.

पहिला कान वाकला तेव्हा वळणावर पडले, म्हणालीस. मी तो सरळ करून दिला, पण डोळे काही गहाण ठेवले नव्हते. पडलेल्या सायकलचं पेडल खरचटतं, हँडलची पट्टी फाटते, ब्रेकची मूठ घासते. तुझ्या सायकलवर ओरखडा नव्हता. चाकाच्या तारांवर मात्र बुटाच्या पॉलिशचा काळा डाग होता. पुढच्या खेपेला कान तुटूनच आला आणि तू भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून आलीस. त्यानंतर तुझ्या नवऱ्याला उमाळा आला. रडला, शपथा घेतल्या, आणि स्वतः जाऊन नवा कान आणला, वर फीत बांधून. तू विरघळलीस आणि मला न दाखवता बसवलास. ओठ जरासा मोठा होता, कितीही आवळला तरी हलत होता. उतारावर डिरेलर तारांत घुसला, चाक जागच्या जागी थांबलं आणि तू तोंडावर आपटलीस. खांद्याचं हाड मोडलं, हनुवटी सोलली, समोरचे दोन दात रस्त्यावरच राहिले.

दवाखान्यात तो तुला चमच्याने भरवत होता आणि आई येईल-जाईल त्याला सांगत होती, जावईबापूंसारखा नवरा मिळायला नशीब लागतं. मी जिन्यात जाऊन भिंतीवर बुक्की मारली, ते बोट अजून नीट मिटत नाही. तेव्हापासून तुझ्या मागे लागलेय, की दुकानावरची खोली रिकामी आहे, निघून ये. तुझं एकच, तो मनाने वाईट नाही गं. आईचं एकच, बाईने जरा वाकावं म्हणजे घर टिकतं. सायकलवाल्याशी एवढा संसार करून तिला कळलं नाही, की वाकलेला कान एकदा सरळ होतो, दुसऱ्यांदा हातात येतो.

आज सकाळी मी तुला डावीकडून हाक मारली, तू वळली नाहीस. समोर येऊन विचारलं तर कानात पाणी गेलंय म्हणालीस. कानाखाली वाजवली, असं आपण किती सहज म्हणतो. मला तिथेच कळलं, आणि तू हसत निघून गेलीस.

तू गेलीस आणि थोड्या वेळाने तो आला, सायकल न्यायला. म्हणाला, रविवारच्या सायकल शर्यतीत उतरायचं खूळ मी तिच्या डोक्यातून काढलंय. मी म्हटलं, कानातून काय काढलंस ते आधी सांग. तो हसला. एक गेला, दुसरा शाबूत आहे, तो ठेवायचा की नाही ते तिच्या हातात आहे, असं म्हणत त्याने बाकावरचा हातोडा उचलला आणि तुझ्या फ्रेमवर घातला. दुसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा मी पेडल काढायचा लांब पाना त्याच्या कोपराखाली हाणला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. हातोडा पडला, तो गुडघ्यांवर आला, त्याने दुसरा हात जोडल्यासारखा पुढे केला. तिथे थांबायला हवं होतं. मी नाही थांबले. पुन्हा हाणला, तोंडावर, आणि फरशीवर रक्तात दात पडले. पहिला घाव तुझ्यासाठी होता, दुसरा माझा स्वतःचा होता. वाईट वाटेल कधीतरी. आज वाटत नाही.

शेजारच्या शिवणवालीने गाडी बोलावून त्याला दवाखान्यात पाठवलं. पोलिसांना मीच फोन केला. ते यायला वेळ लावतात, आज बरं झालं. बाकीचं लिहवेना, म्हणून आधी कामाचं लिहिलं. आता बरेच दिवस मी दुकानात नसेन, कान तुलाच निवडावा लागेल. फ्रेमला पोचा आहे, तडा नाही, मी फडकं मारून बघितलं. हे पत्र शिवणवाली तुला शाळेत आणून देईल, खोलीची किल्लीही तिच्याचकडे आहे. तो खाटेवरून निरोप धाडेल, आई तुझ्या हातात डबा देऊन त्याच्याकडे पाठवायला बघेल. जाऊ नकोस. पोलीस तुझ्याकडेही येतील. मला सोडवायला एक शब्द वाढवू नकोस, मी केलं ते केलं. ते तुझ्या कानाचं विचारतील, दातांचं विचारतील. धाकटे, त्यांच्यासमोर तरी ‘पडले’ म्हणू नकोस.

तुझीच, तुझ्यावर चिडलेली आणि तुझ्यावरच जीव टाकणारी,
ताई