काठ न बांधलेली टोपली

दिग्गी, १२ जानेवारी १९०९
उळवीपर्यंत बैलगाडी, पुढे रानातली पायवाट. पाय सुजले, पण मन प्रसन्न आहे. बेळगावच्या प्रदर्शनासाठी इथले बांबूकाम निवडायला मला धाडले आहे. ज्यांच्या ओसरीवर उतरलो ते झिलू गावकर मोठे थट्टेखोर. माझे बूट पाहून म्हणाले, "मास्तर, ही बैलं दमली आसतील, बांधा गोठ्यात." नाचणीची आंबील प्यालो. कणग्या, सुपे, मासे धरायच्या लांबट टोपल्या पाहिल्या. अशी वीण आमच्याकडे नाही.

१४ जानेवारी
रानाच्या कडेला फणसावर एक लहानशी टोपली टांगलेली दिसली. वीण अतिशय नाजूक, पण काठ बांधलेला नाही. बांबूच्या कांब्यांची टोके मोकळी. झिलूंनी सांगितले, शेजारच्या फुला नावाच्या बाईचे तान्हे पोर पावसाळ्यात गेले, त्याची ती. आईने विणायची आणि काठ मोकळा ठेवायचा, म्हणजे पोराला निघून जाता येते. टोपली कुजली की आईने रडणे थांबवायचे. "हात लावू नका हां," म्हणाले. या वेळी थट्टा नव्हती.

१६ जानेवारी
लिहायला लाज वाटते. टोपली काढून आणली. कुजणारच होती, अशी मनाची समजूत घातली. विचारले असते तर फुला नाही म्हणाली असती. म्हणूनच विचारले नाही. प्रदर्शनात अर्धवट दिसू नये म्हणून काठही मीच बांधला. माझ्या सामानाच्या पेटीत ठेवली आहे.

१७ जानेवारी
पेटी सरकवली तर जड लागली. फुला फणसाखाली पाचोळा उपसून शोधत होती. मी तिच्या शेजारून गेलो.

१८ जानेवारी
दुपारी पेटीतून रडणे. बारीक, भुकेले. झिलूंना ऐकू आले नाही. फुलाला आले. भात कांडता कांडता मुसळ टाकून धावत आली. चोळी दुधाने भिजली होती. म्हणाली, "मास्तर, माझं बाळ रडतंय न्हवं आत?"
मी म्हणालो, "काही नाही. उंदीर आहेत."
शिकलेला माणूस मी. एका आईला—

१९
काठ सोडवायला बसलो. मी सोडवावे, आतून कुणी ओढून पुन्हा बांधावे. बोटे एवढीशी. गार.
फुलाला सांगायला हवे. पण कोणत्या तोंडाने—

२०
फुला उंबऱ्यावर बसून आहे. उठत नाही. पेटीतले रडणे थांबले आहे. तिने विचारले, आत कोण? मी बोलायच्या आधी पेटीतून उत्तर आले. बोबडे, पण आवाज माझा. "काही नाही."
खरे सांगायला तोंड उघडले. माझ्या तोंडून ते बारीक रडणे—
लिहून दाखवले. तिला वाचता येत नाही.
ती पेटीकडे बघतच नाही. पदर सारून उठली आहे. माझ्याकडे— "ये, बाळा," म्हण—