जातो म्हणाला

आंबिवली,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

चि. मैथिली,
अनेक आशीर्वाद.

फोन का नाही केलास, असं विचारशील. आत्ता फोन मोकळा ठेवायचा आहे, आणि माझा आवाजही तुला ऐकवायचा नाही. शिवाय हाताला काहीतरी काम हवं. मटार सोलून झाले, कोथिंबीर निवडून झाली, बाबांच्या शर्टाचं बटण लावून झालं. मग कपाटातून कागद काढले. पत्र लिहायची सवय गेली आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरत होता, आता उन्हं तापायला लागल्यावर गप्प आहे. समोरच्या समीक्षाचं लग्न ठरलं. मुलगा शीळफाट्याजवळ राहतो. तिथलं ट्रॅफिक बघता मुलगी परदेशात दिल्यासारखंच आहे, असं तिची आई सगळ्यांना सांगत फिरते. तुझ्यासाठी कुळथाचं पीठ करून ठेवलं आहे.

स्वानंद बरा आहे. फिरायला गेलाय.

एकटा गेलाय.

हे लिहायला मी एवढा वेळ लावला, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुला मी शब्द दिला होता, तुझ्या भावाला एकटं सोडणार नाही म्हणून. आज सोडलं. तुला राग येणार, आणि तो यावा असंच काम मी केलं आहे.

दिवाळीत आपलं भांडण ज्यावरून झालं, तिथूनच सांगते. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांबरोबर त्याला रोज सकाळी बाहेर पडायला सांगितलं होतं. फोन घरी ठेवायचा, थोडं अनवाणी चालायचं, रोज त्याच एका झाडाखाली बसायचं आणि कंटाळा येईपर्यंत बघत राहायचं. तू म्हणालीस, झाडं बघून कोणी बरं होतं का, त्याला ॲडमिट करा. खरं सांगू? मलाही तेव्हा ते थोतांडच वाटत होतं. एवढं शिकून बाई सांगतात काय, तर झाडाखाली बसा! पण तू बोललीस म्हणून मला बाईंची बाजू घ्यावी लागली. तुझं आणि माझं हे असंच आहे.

तर दिवाळीपासून तो जातो. गोळ्या मी माझ्या हाताने देते आणि मग तो निघाला की पिशवी घेऊन मागे मी. आधी दुधाचं निमित्त असायचं, मग फुलांचं, नंतर निमित्तही संपलं. तो करंजाच्या झाडाखाली बसायचा आणि मी लांब एका दगडावर. पहिले काही दिवस मी फक्त त्याच्या पाठीकडे बघत होते. पण माणूस पाठीकडे किती बघणार? मग तांबट पक्षी ऐकू यायला लागला, सबंध सकाळ टुकटुक करतो मेला. सावरीच्या कळ्या फुटताना दिसल्या. एकदा भारद्वाज दिसला, तर मी नकळत हात जोडले. स्वानंदने नेमकं तेव्हाच वळून बघितलं. घरी येताना म्हणाला, "भारद्वाज दिसला की हात जोडतेस. मी दिसलो की नुसती घाबरतेस." हसत म्हणाला, पण मला हसता आलं नाही.

आणि मैथिली, यातली वाईट गोष्ट अशी की मला त्याचा उपयोग झाला. माझं बीपी उतरलं. मला झोप लागायला लागली. अन्न गोड लागतं. ज्याचं औषध होतं त्याच्या ताटातलं मीच खाऊन टाकलं, असं वाटतं कधीकधी. कारण त्याचं काही कळत नाही. तो नेमाने जातो, बसतो, परत येतो, विचारलं तर "बरं वाटलं" म्हणतो. चेहरा तसाच.

काल संध्याकाळी तो म्हणाला, उद्यापासून मागे येऊ नकोस. मागून कोणी बघत असलं की त्याला झाडं दिसत नाहीत म्हणे, आपल्यावर पहारा आहे एवढंच कळतं. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, भीती वाटणारच, तरी आता थोडं सोडून बघू या. त्यांना बोलायला काय जातं, असं मनात आलं. मग वाटलं, त्यांचंही काहीतरी जात असेलच.

आणखी एक. मी तुला आजवर "बागेत जातो" असं सांगत आले. बाग नाहीये ती. आपल्या मागची टेकडी आहे, आणि टेकडी उतरली की काळू नदी.

आज सकाळी चहा घेतला, गोळ्या घेतल्या, फोन टेबलावर ठेवला आणि दारातून म्हणाला, "आई, जातो."

आपल्या घरात कोणी असं म्हणतं का? लहानपणी तुमच्या तोंडून चुकून "जातो", "जाते" निघालं, तर मी तुम्हाला परत आत बोलवायची, "येतो" म्हणायला लावायची आणि मग सोडायची. आज तोंडापर्यंत आलं होतं, अरे, येतो म्हण. पण श्रावणातल्या त्या सकाळी तो "येतो गं आई" असंच म्हणून गेला होता. किती गोड म्हणाला होता. त्यानंतर आपण तिघांनी त्याला आयसीयूच्या काचेतून बघितलं. म्हणून आज मी नुसतं "बरं" म्हटलं आणि दार लावून घेतलं.

त्याला आता खूप वेळ झाला. ऊन कुंड्या ओलांडून हॉलमध्ये आलं आहे. एरवी तो एवढ्यात परत येतो. मघाशी बाबांनी चपला घातल्या आणि म्हणाले, मी जरा बघून येतो. मी दारात उभी राहिले. ते हळू आवाजात म्हणाले, "सरोज, तो माझाही मुलगा आहे." मी म्हटलं, म्हणूनच बसा. आज त्याने वळून आपल्याला बघितलं, तर पुन्हा तो आपल्याला खरं काही सांगणार नाही. आता ते चपला घालूनच सोफ्यावर बसले आहेत, पेपर धरून. पान उलटत नाहीत. मी बरोबर वागले की नाही, मला माहीत नाही. मला खूप भीती वाटते आहे.

लिफ्ट थांबली. कामाला येणारी सगुणा होती. तिला आज नको म्हणून परत पाठवलं.

आला.

मध्ये पत्र तसंच टाकून गेले होते. आता जेवणं झाली आहेत, तो झोपला आहे. दार उघडलं तेव्हा "आलो" म्हणाला. पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. मी त्याच्याकडे बघत राहिले, तर म्हणाला, पाण्यात पाय सोडून बसलो होतो. बाबा उठून आत गेले आणि बाथरूमचा नळ सोडून बराच वेळ आतच राहिले. मी त्याला पोहे दिले. त्याने सगळे खाल्ले.

मला राहवलं नाही. जातो का म्हणालास, असं विचारलंच.

तो म्हणाला, "त्या दिवशी येतो म्हटलं होतं, आई. ते खोटं होतं. आता मला जेवढं माहीत असतं तेवढंच बोलतो. निघताना मी जातोय, एवढंच माहीत असतं. आलो की आलो म्हणेन."

मी डॉक्टरीणबाईंना हे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यांनी उद्याच बोलावलं आहे, आम्हा तिघांनाही. त्या म्हणाल्या, तो खरं बोलतोय ही चांगली गोष्ट आहे. असेलही. पण अशी चांगली गोष्ट घेऊन रोज सकाळी दार उघडायचं, म्हणजे काय ते तुला इथे आल्याशिवाय कळणार नाही.

आता तू राग कर, ॲडमिट करा म्हण, काय हवं ते म्हण, पण समोर बसून म्हण. दिवाळीला तू बॅग घेऊन तणतणत निघालीस, माझ्याकडे बघितलंही नाहीस, तरी लिफ्टचं दार लागता लागता सवयीने "येते" म्हणालीस. मी ते ऐकलं आहे.

म्हणाली आहेस, तर ये.

तुझी,
आई