फुकटचा बाजारभाव

९ जानेवारी

ती. दादास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, फोन करायला तुझ्या लीगची बंदी आहे. तू लीगच्या कचेरीत बसून फुटबॉल क्लबांचे खर्च तपासणार, मी इथे आपल्या क्लबात जर्सी धुणार. तेव्हा सख्ख्या भावाबहिणीने बोलायचं तर ते कागदावर, आणि त्या कागदाची एक प्रत फायलीत. साबणाच्या वडीवर मी तुला काय लाच देणार होते देव जाणे. शिवाय हा नियम तूच लिहिलेला, त्यामुळे घरच्याच माणसाने तोंड दाबल्याचं समाधान आहे. फाइल सांभाळणाऱ्या बाईंनाही नमस्कार सांग. माझं अक्षर त्यांना लागत असेल अशी आशा आहे.

इकडे सर्व ठीक. सोळा क्लबांत आपण तेरावे. शेवटचे दोन खालच्या विभागात जातात, म्हणजे नाक अजून पाण्याच्या वर आहे. तिजोरीत मात्र खडखडाट. कपडे वाळवायचं यंत्र डिसेंबरातच बसलं, तेव्हापासून जर्सी गॅलरीच्या कठड्यावर वाळतात आणि सात नंबरची वाऱ्याने दोनदा रस्त्यावर गेली. दोन्ही वेळा लोकांनी आणून दिली.

पण लोक बघ कसे! गेल्या रविवारी चाळीस जण ब्रश घेऊन आले आणि अख्खी पूर्वेची गॅलरी रंगवून गेले. रंग दुकानदाराने दिला, शिड्या अग्निशमन दलाने. नळवाल्याने शॉवर दुरुस्त केले आणि वर मलाच दटावलं की आधी का नाही बोलावलंत. गोलकीपर आपल्या माडीवरच्या खोलीत राहतो. भाडं नाही, फक्त जिन्यात शिट्टी वाजवायची नाही. मीही दोन महिने पगार घेतलेला नाही. एक पैसा खर्च न करता क्लब चालवतोय दादा. छाती फुगते बघ.

लोभ वाढव असं लिहिणार होते. पण वाढीव लोभाला समितीची परवानगी लागत असेल, तर आहे तेवढाच चालू ठेव.

तुझी भिंगरी


२० जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. फाइलवाल्या बाईंनी तुझा नमस्कार स्वीकारला आणि त्याची नोंद केली.

तू नियमांची थट्टा करतेस, पण त्यामागचा हेतू समजून घे. आमच्या समन्याय समितीचं म्हणणं एका ओळीत मावतं: अंथरूण पाहून पाय पसरा. क्लबाने कमाईपेक्षा जास्त उधळू नये. नाहीतर श्रीमंत सगळे खेळाडू विकत घेतात, आणि त्यांच्यामागे धावता धावता तुमच्यासारखे दिवाळखोरीत जातात. म्हणजे हा नियम तुमच्याच रक्षणासाठी आहे. असं रक्षण तुम्हाला जाचक वाटतं, याचं आम्हाला नेहमीच नवल वाटतं.

आता तू विचारशील, मग त्या गाद्यावाल्यांच्या क्लबाचं काय. त्यांचे मालक गाद्यांचे कारखानदार, त्यामुळे त्यांचं अंथरूण मुळातच मोठं. यंदा त्यांनी जो आघाडीचा खेळाडू घेतला, त्याच्या एका डाव्या पायाच्या किमतीत तुमचं सगळं मैदान येईल. मात्र सगळं नियमात आहे. मालकांच्या मेहुण्याची उशांची कंपनी आहे. जर्सीवर नाव छापायचे ती कंपनी एवढे पैसे देते की क्लबाची कमाई आपोआप खर्चाच्या वर जाते. ती फाइल माझ्याच टेबलावर होती. दर रास्त असल्याचा शेरा मीच मारला. उशीची जाहिरात किती मोलाची, हे शेवटी उशीवालाच जाणे.

गुडघा कसा आहे? ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहू नकोस.

माया आहे तशीच आहे, तिला तपासणी लागत नाही.

तुझा दादा


१८ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार. शिरसाष्टांग घालायला आज पाठ वाकत नाही.

आपले सहा गुण कापले. तुला ठाऊक असेलच. की तुमच्यात एका टेबलाची बातमी दुसऱ्या टेबलापर्यंत पोचायला टपाल लागतं? काल तेरावे होतो, आज सोळावे, म्हणजे तळ.

नोटिशीला पुरावा जोडलाय आणि तो पुरावा म्हणजे माझं तुला लिहिलेलं पत्र. माझ्या अक्षरात, खाली लाल रेघा मारून. चाळीस ब्रश, लाल रेघ. शिड्या, लाल रेघ. नळवाला, लाल रेघ. कुणी फुकट केलेलं काम हा म्हणे क्लबाने लपवलेला खर्च, आणि तो बाजारभावाने धरायचा. बाजार कुठला, तर तुमच्या कचेरीखालचा. रंगाऱ्यांची मजुरी तिथली, गोलकीपरच्या खोलीचं भाडं न्हाणीघरात टब असलेल्या हॉटेलचं. माझ्या धुण्याला तर असा दर लावलाय की माझा मलाच आदर वाटायला लागला. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या कामाची किंमत केली, आणि ती क्लब बुडवायला.

नोटीस मैदानाच्या फाटकावर लावावी लागली. लोकांनी वाचली. ज्यांनी गॅलरी रंगवली ते माझ्याशी बोलत नाहीत असं नाही, पण हवापाण्याचं बोलतात. नळवाला म्हणाला, ताई, पत्रं लिहायची एवढी हौस होती का. मी काय सांगणार? हौसच होती. भावाला चांगलं सांगावं याची हौस.

एकच विचारते. त्या लाल रेघा कुणी मारल्या?

भिंगरी


२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

रेघा मी मारल्या.

नियमच असा आहे की आलेलं पत्र फायलीत जाण्याआधी त्यातली खर्चाची प्रत्येक गोष्ट ज्याला पत्र आलं त्याने अधोरेखित करायची. मी ते सवयीने केलं. खरं सांगायचं तर वाचताना मला तुमचं कौतुक वाटत होतं आणि हातात पेन्सिल होती. तुमचा क्लब माझ्याकडे नाही, नातलग म्हणून तो शेजारच्या टेबलावर आहे. तिथल्या सहकाऱ्याने रेघा मोजल्या, गुणिले बाजारभाव केलं आणि अहवाल लिहिला. गाद्यावाल्यांनी त्या दिवशी कचेरीतल्या सगळ्यांना एकेक उशी पाठवली होती. याचा त्याच्याशी संबंध नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

एप्रिलमध्ये अपील ऐकलं जाईल. तुम्ही त्या चाळीस जणांकडून प्रतिज्ञापत्रं घ्या की त्यांनी काम स्वखुशीने केलं. प्रत्येकी तीन प्रती. मुद्रांकाचा खर्च क्लबाच्या खर्चात धरला जाईल, याची नोंद घ्यावी.

मी बहीण म्हणून तुला वाचवायला गेलो असतो, तर तो पक्षपात झाला असता. हे तुला पटावं अशी अपेक्षा आहे.

ममत्व कायम आहे.

दादा


८ मार्च

ती. दादास,
कोरडा नमस्कार.

पटलं. पक्षपात नको. शेजारच्या टेबलावरचे गाद्यावाल्यांच्या उशीवर डोकं ठेवून झोपतात, तो निःपक्षपात.

प्रतिज्ञापत्रं जमवतेय. नळवाल्याने सही केली. कारण या रकान्यात त्याने लिहिलं, मला वाटलं म्हणून. बदलायला सांगितलं तर बदलणार नाही म्हणाला. तसंच पाठवते.

आता एक हिशेब तूही कर. बाबा चाळीस वर्षं याच क्लबात बूट पुसत होते. तू कॉलेजात गेलास तेव्हा फी भरायला घरात काही नव्हतं. एका सामन्याला खेळाडूंची टोपी प्रेक्षकांत फिरली आणि तुझी तीन वर्षांची फी त्यात जमली. बाबांनी आपल्याला दोघांनाच सांगितलं होतं, बाहेर बोलू नका म्हणून. मी आजवर बोलले नव्हते. आज लिहिलं, म्हणजे फायलीत गेलं. काढ लाल पेन्सिल आणि मार रेघ. बघ बाजारभावाने तुझी काय किंमत निघते.

तुझ्याकडे काही मागत नाही. हे पत्र लिहायला एक तास गेला, तोही धरून घे.

भिंगरी


३० मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात रेघ मारली. नियम होता म्हणून मारली.

पुढचं मी तुला लिहितोय आणि फायलीलाही. आपली पत्रं पुराव्यात दाखल झाली आहेत, त्यामुळे हेही अपिलापुढे ठेवावंच लागेल. ते कुणाला काढता येणार नाही. तो नियम लिहिताना मी फार काळजी घेतली होती, तेवढं एक काम चांगलं झालं.

उशांच्या कंपनीचा दर रास्त आहे, असा शेरा मी मारला तेव्हा मी तिथे गेलो नव्हतो. साहेब म्हणाले, कशाला उन्हात जाता. मी गेलो नाही. गेल्या सोमवारी गेलो. एका गॅरेजच्या वर एक खोली आहे. त्यात एक टेबल, एक पहारेकरी आणि एक उशी. उशीवर पहारेकरी झोपला होता. उठवल्यावर म्हणाला की तीन वर्षांत इथून उशी विकली गेलेली त्याने पाहिली नाही, आणि ही उशीही त्याने घरून आणली आहे. मी त्याचं म्हणणं लिहून घेतलं, त्याने सही केली. ते सोबत जोडलंय. या कंपनीने यंदा गाद्यावाल्यांना दिलेली रक्कम तुमच्या क्लबाच्या बावीस वर्षांच्या खर्चाएवढी आहे.

चाळीस ब्रशांना बाजारभाव लागत असेल, तर या उशीलाही लागला पाहिजे. न लावण्यात चूक माझी. मी हे माझ्या हुद्द्यावर, पूर्ण शुद्धीत लिहितोय. याचा परिणाम काय होईल हे मला माहीत आहे, तू काळजी करू नकोस.

त्या टोपीत कुणी कुणी पैसे टाकले ते बाबांनी मला कधी सांगितलं नाही. तुला माहीत असेल तर त्यांना माझा नमस्कार सांग. मला फार लाज वाटते आहे, भिंगरी.

रागावलेली असलीस तरी आमच्यावर लक्ष असू दे.

तुझा दादा


१९ मे

ती. दादास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि. या वेळी पाठ पूर्ण वाकवून.

अपिलाचा निकाल तू कचेरीच्या बाहेर बसून ऐकलास म्हणे. आत बोलावलं नाही, कारण तोवर तू कर्मचारी राहिला नव्हतास. तुझ्यावर ठपका ‘नोंदीतील निष्काळजीपणा’चा. न बघता शेरा मारलास तेव्हा काळजीपूर्वक होतास, एकदा बघून लिहिलंस तर निष्काळजी झालास.

आपले सहा गुण परत मिळाले. एकच फूटपट्टी दोघांना लावायची तर गाद्यावाल्यांचे वीसेक गुण कापावे लागत होते, तेव्हा समितीने फूटपट्टीच मोडली. स्वखुशीचं काम यापुढे खर्चात नाही. गाद्यावाल्यांना कागदपत्रं उशिरा दिल्याबद्दल दंड झाला. तो दंड उशांच्या कंपनीने भरला, प्रायोजक म्हणून. चषकही त्यांनीच नेला.

आणि आता खरी बातमी. शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरली असती. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आपल्याच बचावपटूच्या मांडीला लागून चेंडू आत गेला. एक शून्य. आपण पंधरावे. खाली गेलो.

मग रंगवलेल्या गॅलरीतून टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. तो बचावपटू जर्सीत तोंड खुपसून रडत होता. ती जर्सी मी अजून धुतलेली नाही. लोक म्हणतात, भावाची नोकरी फुकट गेली. मी भांडले. सहा गुण कापून खाली गेलो असतो तर जन्मभर म्हणत बसलो असतो, आम्हाला पाडलं. आता म्हणावं लागतं, आम्ही हरलो. जड जातं, पण खोटं नाही. हे तुझ्यामुळे. मला तुझा अभिमान वाटतो, आणि मार्चमधल्या पत्रातलं एक अक्षरही मी मागे घेत नाही.

काल क्लबाची बैठक झाली. पुढच्या मोसमापासून हिशेब तू बघायचास असं ठरलं. पगार देणार आहेत, अगदीच किरकोळ. कुणीतरी म्हणालं, घरचाच माणूस, फुकट करेल. नळवाला उभा राहिला आणि म्हणाला, नाही. इथे फुकट काम करायचा मान असतो, तो आल्या आल्या कुणाला मिळत नाही. आधी दोन-तीन वर्षं पगार घेऊन काम करू दे, मग बघू.

सगळ्यांनी हात वर केले. मीसुद्धा.

तेव्हा मंगळवारी ये.

वाट बघणारी,
भिंगरी