दोन बादल्या पाला

रविवार, ८ डिसेंबर २०२४

भांडले! ह्यांच्याशी फोनवर चांगली कडाकडा भांडले. किती बरं वाटतंय!

एरवी रविवारचा फोन म्हणजे नुसती हजेरी. जेवलीस का — हो. थंडी आहे का — आहे. ठेवू? — ठेवा. हे स्वीडनच्या उत्तरेला जंगलातली माती तपासायला गेले, त्याला दुसरं वर्ष संपत आलं. निवृत्तीनंतर लोक सकाळी टेकडीवर फिरायला जातात, आमचे श्यामसुंदरराव ध्रुवापर्यंत गेले. जूनअखेर मुदत संपते. मूलबाळ नाही, तेव्हा घरात मी आणि फ्रीजचा आवाज.

आज सहज विचारलं, तिथे नेमकं करता काय? तर सांगतच सुटले. गाड्यांचा धूर, शेतातली खतं, त्यातला नत्र, म्हणजे नायट्रोजन, वाऱ्याबरोबर उत्तरेला जातो आणि पावसाबर्फातून जंगलावर पडतो. तिथली माती नत्राला कायमची भुकेलेली. त्यामुळे झाडं फोफावतात. पण खाली गळलेला पाला आणि काटक्या नीट कुजत नाहीत, साचत जातात. म्हणजे त्यांच्यातला कार्बन हवेत परत न जाता जमिनीतच राहतो.

मी म्हटलं, काहीतरीच! सोसायटीचा खताचा खड्डा इतकी वर्षं मी सांभाळते. सुका पाला नुसता पडून राहतो. त्यात शेणकाला नाहीतर युरिया घातला — म्हणजे नत्रच की — तर भराभर कुजतो. हे म्हणाले, खड्डा वेगळा, जंगल वेगळं. मी म्हटलं, पाला तो पालाच. अशी जुंपली की चहा गार झाला.

सोमवार, ९ डिसेंबर

सोसायटीचा माळी कोंडीराम, त्याच्याकडून मूठभर युरिया आणला. बाल्कनीत दोन बादल्या मांडल्या. दोन्हींत बदामाच्या झाडाचा पाला आणि काटक्या. युरिया एकीतच. आता बघूच!

रविवार, १२ जानेवारी

युरियाची बादली काळीभोर, निम्मी खाली बसली! दुसरी जशीच्या तशी. कॅमेरा फिरवून फिरवून दाखवली. हे म्हणाले, "थांब जरा. सुरुवातीला असंच होतं, मऊ भाग आधी जातो. काटक्यांचं काय होतं ते बघ, त्या कुजवणाऱ्या बुरशीला नत्र मानवत नाही." हरायचं नाही म्हणजे नाही!

पण हल्ली बुधवारीही फोन येतो. शेजारच्या विजयमालाताई म्हणाल्या, तुमच्याकडून हसण्याचे आवाज येतात आताशा. म्हटलं, बिल्डरनं भिंती पातळ बांधल्यात.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

एकटीची आमटी अजून अंदाजात येत नाही. आजही कालचीच.

रविवारी ह्यांना विचारलं होतं, मग नत्र पडतोय ते चांगलंच म्हणायचं? कार्बन तर जमिनीत राहतोय. तर म्हणाले, तसं सरळ नाही. कार्बन राहतो, पण बुरशी जाते, झुडपं जातात, नत्र झऱ्यांत उतरतो. हवेत धूर ओकून वर जंगलाचे आभार मानायचे का, असं म्हणाले. त्यावरही पुष्कळ वाद घातला मी. कळत काही नव्हतं फारसं.

रविवार, ३० मार्च. पाडवा

गुढीची काठी बांधताना दुसरं माणूस लागतं. खिडकीला टेकवली, गुडघ्यानं दाबली आणि बांधली. तिरकी आहे. असू दे.

ह्यांनी आज सांगितलं, झाडं स्वतःची साखर मुळांवाटे बुरशीला देतात आणि बुरशी त्यांना नत्र शोधून आणून देते. वरून आयता नत्र मिळायला लागला की झाड हात आखडतं, बुरशीला साखर देईनासं होतं. मी म्हटलं, हे शिकायला मला जंगलात जायची गरज पडली नाही. हे एकदम तिथल्या थंडीकडे वळले. मग मीच घाईघाईनं बादलीचा विषय काढला. बोलणं तुटायला नको.

रविवार, २० एप्रिल

हरले. युरियाच्या बादलीतलं काम केव्हाच थांबलंय. काटक्या तशाच कडक. दुसरीत मात्र पांढऱ्या बुरशीचे धागे सगळीकडे पसरलेत, काटकी उचलली तर बोटांत चुरली. ह्यांचंच खरं.

फोन आला. काय म्हणते बादली, विचारलं. तोंडातून निघूनच गेलं, "सगळं कुजलं. काटक्यासुद्धा!" दाखव म्हणाले, तर म्हटलं कॅमेरा बिघडलाय. खरं सांगितलं असतं तर वाद संपला असता. मग पुढच्या रविवारी पुन्हा — जेवलीस का, हो. नको ते.

हे विचारात पडले. खोदून खोदून प्रश्न विचारले, मी सगळ्यांची उत्तरं ठोकून दिली. लाज वाटतेय. पण किती वेळ बोललो आज!

रविवार, ११ मे

मंडईतून हापूस आणला. हे येईपर्यंत संपलेला असेल, म्हणून रस काढून फ्रीजरमध्ये ठेवला. विजयमालाताईंना सांगितलं, जूनअखेर. दोनदा सांगितलं बहुतेक.

रविवार, १ जून

येत नाहीत. आणखी एक वर्ष.

"तुझ्या बादलीमुळेच," हे म्हणाले. उष्ण हवेत उलटं होत असेल तर ताडून बघायला हवं, म्हणून मुदत वाढवून मागितली आणि मिळाली. आवाजात माझं कौतुक होतं! मी अभिनंदनसुद्धा केलं.

फोन ठेवला आणि दोन्ही बादल्या खाली नेऊन खड्ड्यात उलट्या केल्या. चार फोन जास्त यावेत म्हणून माणूस घालवला मी. मूर्ख बाई! दिवसभर रडले.

सोमवार, २ जून

सांगून टाकायचं. खरं कळलं तर कदाचित अजून रद्द करता येईल. मग बोलायला काही उरलं नाही तरी चालेल. दोन मुकी माणसं समोरासमोर बसली तरी चहा दोन कप टाकावा लागतो. तेवढं पुरे मला.

बुधवार, ४ जून

सांगितलं. बादली, काटक्या, कॅमेरा, सगळं. म्हटलं, तुमचंच खरं होतं. आता या.

 हे म्हणाले, "सुनीती, मुदतवाढीवर सही मी जानेवारीतच केली होती. तुला सांगायला कारण सापडत नव्हतं."