दहा तारखेचा नैवेद्य

१६ जून, सोमवार

आज मुलाखती. गणिताच्या एका जागेला अकरा जण! विभागप्रमुख म्हणून मी टेबलाच्या या बाजूला. सोबत प्राचार्य आणि संस्थेचे एक सदस्य – ते पूर्ण वेळ फोनमध्ये.

सातवी मिनल. आठ वर्षांपूर्वी मी खेडकडच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होते, तेव्हा पहिल्या बाकावर बसायची. पुढे एम.एस्सी. केलं, सेट पास झाली आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागली. एकतीस हजार, जायला-यायला बस, कॅन्टीन. आज फळ्यावर तिनं असं शिकवून दाखवलं की सदस्यांनीसुद्धा फोन खाली ठेवला.

शेवटी ‘काही विचारायचंय का’ म्हटल्यावर म्हणाली, जाहिरातीत पगार सातव्या आयोगाप्रमाणे लिहिलाय, तो तसाच मिळतो ना? विचारलं सगळ्यांना, पण बघत होती माझ्याकडे.

मी हो म्हणून मान हलवली.

ती बाहेर गेल्यावर प्राचार्य म्हणाले, मुलगी तुमची आहे, बाकीचं तुम्हीच समजावून सांगा. म्हटलं, सांगते.

१७ जून

सांगितलं नाही. फोनवर ती रडतच होती – आनंदानं. अशा वेळी काय सांगणार, कपाळ! उद्या.

२२ जून, रविवार

निगडीला आमच्या एम.एस्सी.च्या बॅचचं जेवण. आठ जण येणार होते, आलो चौघं. एकच वर्ग, एकच सर, मार्कही उन्नीस-बीस. आणि पगार? ऐकावं ते नवलच.

निरंजन अनुदानित कॉलेजात. सरकार पगार देतं, एक लाख अडतीस हजार, सगळा हातात. लागताना किती ‘द्यावे’ लागले ते कोणी विचारत नाही. सासऱ्यांचं शेत गेलं एवढं सगळ्यांना माहीत आहे. स्वरूपा दोन कॉलेजात तासिकेवर. एका तासाचे हजार, पण आठवड्याला नऊच तास. त्यातून गणपती वजा, दिवाळी वजा, परीक्षा वजा, मे महिना तर अख्खा वजा. बिल निघतं चार-चार महिन्यांनी. पीएच.डी. आमच्यात फक्त तिची! चौथा रावेतकडच्या खाजगी विद्यापीठात. तिथे पगार मंडईसारखा ठरतो म्हणाला. यानं नव्वद मागितले, त्यांनी साठ म्हटलं, अडुसष्टला सौदा. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला किती, ते विचारायची बंदी.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. वर्षा, तुझं काय? म्हटलं, एक लाख बारा. निरंजननं भुवया उडवल्या, विनाअनुदानित असून? वा!

बिल चौघांत वाटून दिलं. स्वरूपानं नाण्यांसकट मोजून दिले. मला तेव्हाही बोलता आलं असतं की एक लाख बारा कसले, हातात बावन्नच. नाही बोलले.

१ जुलै

मिनल रुजू झाली. कंपनी सोडताना तिथल्या साहेबांनी दोनदा समजावलं म्हणे, पोरी, नीट विचार कर. त्या साहेबांना काय माहीत नसेल!

जेवताना नवऱ्यानं, गोरक्षनं विचारलं, सांगितलंस का तिला? तो चाकणला मेंटेनन्सला आहे. ओव्हरटाइम धरून पंचेचाळीस हजार, पण त्यातला एक रुपयाही परत करावा लागत नाही. म्हटलं, या आठवड्यात सांगते. तो भाकरी मोडत राहिला. त्याचं गप्प बसणं मला सहन होत नाही.

१० जुलै, गुरुवार

नैवेद्य.

हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही. मी लागले तेव्हाही हेच होतं. सात तारखेला बँकेत पूर्ण पगार येतो – आयोगाप्रमाणे, पै न् पै. आणि दहा तारखेपर्यंत ठरलेला भाग रोख काढून लेखा विभागाच्या खिडकीत द्यायचा, बंद पाकिटात. पाकिटावर नाव लिहायचं नाही. चिमाजी, आमचे लेखापाल, वहीत नुसती आद्याक्षरं लिहितात. माझे एक लाख बारा येतात, साठ परत जातात, बावन्न राहतात. टॅक्स मात्र पूर्ण पगारावर!

एटीएममधून एका दिवसात एवढे निघत नाहीत, म्हणून दोन फेऱ्या. काल चऱ्होली फाट्यावरच्या एटीएमला आमचेच तिघं रांगेत.  मग फिजिक्सचे सर हळूच म्हणाले, दर्शनाला गर्दी आहे. आम्ही सगळे हसलो. दर वेळी हसतो.

कागदोपत्री सगळं चोख. दर वर्षी विद्यापीठाची समिती येते, प्रत्येकाला फॉर्म देते. मुद्दा नऊ : वेतन पूर्ण मिळते का? होय / नाही. सहा वर्षं ‘होय’वर खूण करत आलेय. पहिल्या वर्षी हात अडला होता. नंतर तोही अडेना.

मिनलचा पहिला पगार ऑगस्टच्या सातला. म्हणजे अजून वेळ आहे.

२८ जुलै

मुलं मिनलच्या तासाला बाहेरून येऊन बसतात! दुसऱ्या तुकडीची. माझ्या तासाला माझीसुद्धा बसत नाहीत. हेवा वाटला, मग बरंही वाटलं. आज नक्की सांगणार होते. ती डबा उघडून म्हणाली, मॅडम, भरीत घ्या, आईनं तुमच्यासाठी जास्त दिलंय. घेतलं. फार झणझणीत होतं.

७ ऑगस्ट

पगार आला. मिनलच्या खात्यात एकाहत्तर हजार. स्टाफरूमच्या दारातून मला हात केला, आणि मी कामात असल्यासारखं केलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी मिनलची आई आली. शालनबाई. नवं पातळ, हातात पिशवीभर कांदे. कानात सोन्याची फुलं – चार ग्रॅमची असतील. पोरीनं काल संध्याकाळीच घेतली, तिथंच दुकानात घातली म्हणाल्या. मिनल मागे उभी राहून लाजत होती.

शालनबाई चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायच्या, बारा वर्षं. ‘घासायच्या’ असं लिहितेय, कारण त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या,

“म्या कालच काम सोडलं, बाई. पोरगी म्हनली, आता बास. तुमच्यामुळं हाय हे समदं.”

त्यांचा हात खरबरीत, साबणानं फाटलेला.  कांद्यांचं किती ओझं आणलंत म्हटलं. बसा म्हटलं. चहा मागवला. त्या बशीत ओतून प्यायल्या, आणि मी त्यांच्या कानांकडे न बघायचा प्रयत्न करत होते.

आपण माणूस आहोत की कोण!

११ ऑगस्ट, सोमवार

चिमाजींनी खिडकीतून बोलावलं. मॅडम, तुमच्या मुलीचा नैवेद्य राहिलाय, त्रेचाळीस. कुणीतरी सांगितलं असेल ना तिला? प्राचार्यांना वाटतं मी सांगितलं. चिमाजींना वाटतं प्राचार्यांनी. बाकीच्यांना वाटतं, विभागप्रमुख आहेत की. एवढ्या मोठ्या कॉलेजात ही एक गोष्ट सांगणं कोणाचं काम, हे कुठेही लिहिलेलं नाही. लिहिणार तरी कसं?

चिमाजींचा स्वभाव वाईट नाही. स्वतःच्या पगारातूनही देतात ते, आणि तेही त्याच वहीत. म्हटलं, उद्या आणते.

१२ ऑगस्ट

आणले. माझे. लेकीच्या, आरोहीच्या क्लाससाठी वेगळे ठेवलेले त्रेचाळीस हजार. पाकीट दिलं, चिमाजींनी ‘मि.’ लिहिलं, झालं.

घरी गोरक्षला सांगितलं. मला वाटलं चिडेल. चिडला नाही. पाणी प्यायला, आणि म्हणाला,

“हे तू तिच्यासाठी केलंस, की तिला सांगायला लागू नये म्हणून?”

मीच चिडले. भांडी आपटली. तो म्हणाला ते खरं होतं म्हणून.

३० ऑगस्ट

गणपतीत मिनलकडे गेलो. चाकणच्या पुढे, रस्त्याला लागूनच घर, एका बाजूला कंपनीची भिंत. शालनबाई दिवसा घरी असल्याचं त्यांचं त्यांनाच नवल. दुपारचं झोपता येतंय म्हणाल्या, पण झोपच येत न्हाई, सवय न्हाई. मोदक सहा खाल्ले मी. आग्रहापुढे काय करता!

गाडीत गोरक्ष म्हणाला, पुढचा पगार आठ दिवसांवर आलाय. मला काय कॅलेंडर दिसत नाही का?

८ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं.

रिकाम्या वर्गात, दार लावून. भराभर सांगून टाकलं – सात तारीख, दहा तारीख, खिडकी, पाकीट. तुझे खरे अठ्ठावीस. ती ऐकत होती. मला वाटलं ओरडेल, रडेल. तिनं पहिल्यांदा हिशेबच विचारला – मग ऑगस्टचे त्रेचाळीस कोणी दिले? मी फळा पुसायला लागले, तर तिला कळलं. हुशार आहेच.

मग म्हणाली, कंपनीत एकतीस मिळत होते. आणि आईचे नऊ. हे अगदी सरळ, फळ्यावर पायरी मांडावी तसं. मी म्हटलं, सगळीकडे असंच असतं गं, अनुदानित मिळेपर्यंत काढायचं. मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

“मॅडम, त्या दिवशी मी तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही मान हलवली.”

एवढंच बोलली. आवाजसुद्धा चढवला नाही. पर्स उचलून तासाला गेली. तास घेतला म्हणे, पूर्ण पन्नास मिनिटं.

मला रडू आलं, पण सहा वर्षांचं मिळून आलं असावं, कारण फार वेळ थांबेना.

१० सप्टेंबर

मिनलनं माझ्या टेबलावर पाकीट ठेवलं. त्रेचाळीस हजार. हे तुमचे, ऑगस्टचे. नको म्हटलं, ऐकलं नाही. आणि खिडकीत? तिथे देणार नाही म्हणाली. माझा पगार आहे, मी शिकवलंय.

चिमाजींची रांग नेहमीसारखीच होती. मीही उभी राहिले रांगेत. मिनल समोरून हजेरीची वही घेऊन तासाला गेली. कोणी तिच्याकडे बघितलं नाही, आणि त्या दिवशी दर्शनाचा विनोदही कोणी केला नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

प्राचार्यांनी बोलावलं. हळू आवाजात, अगदी प्रेमानं. तुमची मुलगी सहकार्य करत नाही. परिवीक्षा काळ चालू आहे तिचा, एक वर्षाचा; अजून कायम नाही. ‘अध्यापन असमाधानकारक’ एवढं लिहायला किती वेळ लागतो? आणि समिती सव्वीसला येतेय. फॉर्म सगळे सारखे आले पाहिजेत. तिला आणलं तुम्ही, जबाबदारीही तुमची.

असमाधानकारक! जिच्या तासाला दुसऱ्या तुकडीची मुलं येऊन बसतात!

हे मी तोंडावर बोलले नाही. इथे लिहितेय फक्त.

मिनलला निरोप दिला, शब्द जरा मऊ करून. तिनं उलट विचारलं, मॅडम, मुद्दा नऊवर तुम्ही काय लिहिणार? मी म्हटलं, माझं सोड. ती म्हणाली, बरं.

गोरक्षला हेही सांगितलं. म्हणाला, नोकरी गेली तर माझ्या पगारात घर चालतं, ओढून-ताणून. आरोहीचा क्लास बंद करू. तू काय ते ठरव, मी सांगणार नाही. नेमकं आज यानं ठरवून द्यायला हवं होतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

मिनलनं नैवेद्य दिला.

दुपारी खिडकीत उभी होती, एकटीच. मी जिन्यावरून बघितलं. चिमाजींनी मोजून घेतले, वहीत लिहिलं. वर येऊन तिनंच मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं. शालनबाई परत कॅन्टीनला गेल्या होत्या, ठेकेदारानं दुसरी बाई लावली, घेत नाही म्हणाला. मिनलनं कंपनीत विचारलं, तिथली जागा भरली. ही नोकरी गेली तर घरात काहीच नाही. म्हणून फुलं मोडली. सोनारानं घट धरून पैसे दिले, कमी पडले ते तिनं खात्यातून घातले.

आईला काय सांगितलंस, विचारलं. एक फूल सैल झालंय, नीट करायला दिलंय, असं सांगितलं.

खरं लिहायचं तर पहिल्यांदा मला सुटल्यासारखंच वाटलं. चला, मिटलं! फॉर्म सारखे येतील, कोणाला काही लिहावं लागणार नाही. मग तिच्या तोंडाकडे बघितलं. बघत होती भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे, आणि मला एकदम आठवलं, पहिल्या नैवेद्याच्या दिवशी मीही तिथेच उभी राहून तेच वेळापत्रक वाचत होते.

चिमाजी जाता-जाता म्हणाले, शहाणी आहे हो पोरगी. लवकर रुळली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

समिती आली. विभागाचे फॉर्म मीच गोळा केले. मिनलचा सगळ्यांत वर. मुद्दा नऊ – होय. सही सुबक, हात कुठेही अडलेला नाही.

माझा भरायचा राहिला होता. त्यावर ‘नाही’वर खूण केली आणि गठ्ठा समितीच्या बाईंच्या हातात दिला.