निळ्या बॅगेचं चाक

प्रिय एलादियो,

तू बारमध्ये डॉमिनोज खेळायला गेला आहेस. त्या खेळाला कान लागत नाहीत म्हणून तो तुझा आवडता. आणि मी स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहिते आहे. लग्नाआधी तू लष्करात होतास तेव्हा लिहायचे, त्यानंतर आज. एकाच छपराखाली राहणाऱ्या नवऱ्याला बाई पत्र कशाला लिहील? हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

आपली निएवेस म्हणाली होती, "आई, दोन दिवस वालेन्सियाला जाऊन या, फायासचा सण बघा, भोपळ्याचे घारगे खा, नाचा, जरा माणसांत या." पोरीचा हेतू चांगला होता, तिला मी दोष देत नाही. तेरुएलहून बसमध्ये चढतानाच मी तुला विचारलं, "यंत्र घेतलंस ना कानाचं?" तू माझ्या तोंडाकडे बघितलंस, मान डोलावलीस, "हो हो" म्हणालास. यंत्र कुठे होतं? भांड्यांच्या कपाटात, केशराच्या डबीमागे, गेल्या वर्षी ठेवलं तिथेच. तुझं हे "हो हो" एक दिवस माझा जीव घेणार आहे. ऐकू आलं नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून जगातल्या प्रत्येक प्रश्नाला हो. तीस वर्षं लाकडाच्या वखारीत करवतीपुढे उभा राहिलास, कान गेले, त्यात लाजायचं काय आहे? पण नाही, साहेबांचं म्हणणं, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात पुटपुटतात.

उतरल्या उतरल्या निळ्या बॅगेचं चाक निखळलं. तू ती खांद्यावर घेतलीस आणि "बघ, अजून दम आहे" म्हणालास. तेवढं मला आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. पण मी लॉजवरच्या न्हाणीघरात तोंड धुवायला गेले तेवढ्यात तिथल्या बाईने तुला विचारलं, "मागची शांत खोली एका बाळंतिणीला दिली तर चालेल ना? तुम्हाला रस्त्यावरची देते." आणि तू म्हणालास, "हो हो, का नाही!" शनिवारी सकाळी आठच्या ठोक्याला आपल्या खिडकीखाली सणाची मंडळी आली, सगळ्या गल्लीला उठवायला, बँड आणि सुतळी बॉम्ब घेऊन. मी पलंगावरून अक्षरशः खाली पडले. आणि तू? तू कूस बदललीस आणि उशी नीट केलीस. मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. तुला उठवावंसंही वाटलं नाही.

खानावळीत तर कहर. वेटरने विचारलं, "भातात गोगलगायी घालू?" हो. "सोबत ईल मासा, तिखट रश्शातला?" हो हो. "दोन प्लेट?" अर्थात! लहानपणापासून तुला ईल बघवत नाही, तुझी आईच मला सांगायची. समोर आल्यावर तुझा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "परत दे." तू म्हणालास, "मला खावासाच वाटत होता." आणि खाल्लास, मेल्या, शेवटच्या तुकड्यापर्यंत, डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा मला म्हणाला, "तुमच्या यजमानांना भारीच आवडलेला दिसतो."

हे सगळं सहन होतं रे. सहन होत नाही ते वेगळंच. मी घरात दिवसभर ओरडते. माझा घसा बसलाय. तुझ्या पोटाच्या गोळ्या कोणत्या रंगाच्या हे शेजारच्या विसितासला पाठ आहे, कारण मी ओरडते. परवा ती भिंतीपलीकडून म्हणाली, "फेलिसा, आज पांढरी द्यायची ना?" दूध उतू गेलं, ओरडून सांगता येतं. नळ गळतोय, सांगता येतं. पण अंगणातल्या बदामाला पहिलं फूल आलं, हे ओरडून कसं सांगायचं? मला भीती वाटते, मला आज आईची आठवण येते, हे विसितासला ऐकवत कसं सांगायचं? म्हणून मी सांगणंच सोडून दिलं. किती दिवस झाले मी तुला एकही बारीकशी गोष्ट सांगितलेली नाही. तुझ्या ते लक्षातही आलं नाही असं मला वाटायचं, आणि त्याचाच राग यायचा.

मग दुपारी दोनची ती आतषबाजी. भर उन्हात नगरपालिकेच्या चौकात हजारो माणसं, बघायला काही नाही, फक्त आवाजासाठी. दीड तास आधीपासून उभे. माझे पाय दुखत होते, तुला त्याचं काही नाही. शेजारी उभी असलेली एक बाई मला म्हणाली, "ताई, तोंड उघडं ठेवा हं, नाहीतर कानठळ्या बसतील." मी आ वासला. तूही वासलास. सुरू झालं आणि जमीन हलायला लागली. तू छातीवर हात ठेवलास आणि माझ्याकडे वळून ओरडलास, पण तुझा आवाज मला ऐकू येईना, तुझे ओठच दिसले. "फेलिसा, ऐकू येतंय!" असा आनंद तुझ्या चेहऱ्यावर मी निएवेस झाली तेव्हा पाहिला होता.

आणि मला काय झालं कोण जाणे. माझं डोकंच फिरलं. फटाके ऐकू येतात, मी ऐकू येत नाही! त्या शेवटच्या धडधडाटात, जिथे कुणाला कुणाचं काही कळत नव्हतं, मी तोंड उघडलं आणि सगळं बाहेर काढलं. म्हटलं, मी थकले. म्हटलं, मी ही निळी बॅग उचलते आणि सारागोसाला माझ्या बहिणीकडे, पुराकडे जाते, परत येत नाही. कुणाला ऐकू जाणार आहे, असं मला वाटलं. तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस आणि तोंड फिरवून धूर बघत राहिलास. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास, हळूच.

बसमध्ये तू गप्प. घरी गप्प. मला वाटलं, दमलास. रविवार गेला, सोमवार गेला, तू माझ्याकडे मान वर करून बघेनास. ताटाकडे बघतोस, बुटांकडे बघतोस. आणि आज सकाळी तू गेल्यावर मी खोलीत गेले, तर खुर्चीवर निळी बॅग. पुसलेली. चाक बसवलेलं, नवा खिळा, तेलसुद्धा घातलेलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या चौकात आम्ही सगळे बहिरे होतो, एलादियो, एकट्या तुलाच ऐकू येत होतं. दोन वर्षं तू माझ्या तोंडाकडे बघतोस ते ओठ वाचायला, आणि मी मूर्ख, मला वाटायचं माझे दात तुला आवडतात. तुला सगळं कळलं. आणि त्यावर तू काय केलंस? भांडलास? "जाऊ नकोस" म्हणालास? नाही! चाक बसवलंस! मला जायला सोपं पडावं म्हणून! अरे देवा, या माणसाचं मी काय करू! दोन मिनिटांत कानात घालायचं यंत्र तुला जड होतं आणि चाकाला तेल घालायला तू वखारीतून डबा आणतोस!

म्हणून हे पत्र. तू माझ्या तोंडाकडे बघायचं थांबवलंस, आता तुझ्याशी बोलायला मला दुसरी वाट उरली नाही. आणि तू अर्ध्यातच तोंड फिरवलंस. परत येत नाही, याच्या पुढेही मी बोलत होते. मी म्हणत होते, कारण तुझ्याशिवाय मला बोलायला कुणी नाही, आणि मला तिथे जाऊनही तुझ्याशीच बोलावंसं वाटेल, मग जाऊन तरी काय करू. हे तू वाचलं नाहीस, आता वाच. तुझ्या ताटाशेजारी यंत्राची डबी ठेवली आहे, नवे सेल घातलेत. बॅग परत कपाटावर टाकलेली नाही, खुर्चीवरच आहे. मी अंगणात बदामाखाली बसले आहे, दाराकडे पाठ करून, म्हणजे ओठ दिसायचे नाहीत. तुझी पावलं आत वाजली आणि हे वाचण्याइतका वेळ गेला की मी तुला हाक मारीन, एकदाच, आणि ओरडून नाही. ऐकू आली तर ये. वारा गार आहे, फार वेळ लावू नकोस.

अजून तरी तुझीच,
फेलिसा